बंदीतली घंटी

१

ही हकीकत मला नीट आठवते का, याची मला खात्री नाही. साल चौऱ्याऐंशी होतं की पंच्याऐंशी, इथपासूनच गोंधळ आहे. मधल्या वर्षांत मी ती मनातल्या मनात इतक्या वेळा सांगितली आहे, की त्यात मूळ किती आणि माझी डागडुजी किती, हे आता वेगळं करता येत नाही. जिथं शंका आहे तिथं तसं सांगत जाईन. पण शंका कुठं आहे हे तरी मला नक्की ठाऊक आहे का?

एवढं खरं, की पावसानं सलग दोन वर्षं दगा दिला होता, जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत आणि मी तिशीत होतो. येरमाळ्यापासून आत, बालाघाटाच्या उतारावर एक लहान गाव होतं. गावामागं डोंगर आणि डोंगरावर राखलेलं रान. बहात्तरच्या दुष्काळानंतर तो डोंगर बोडका झाला होता. मग गावानंच ठरवलं, की आत ढोर घालायचं नाही. त्या बदल्यात वनखात्यानं गावाला वाळलेलं गवत विळ्यानं कापून डोक्यावर आणायची मुभा दिली. गवत वाढलं, हरणं परत आली, हरणांमागं लांडगे आले. त्या रानाला गाव ‘बंदी’ म्हणे. बंदीतल्या गवतावर ढोरं जगत, ढोरांच्या दुधावर गावची दूध संस्था चाले. एकानं बंदी मोडली तर खातं मुभा काढून घेईल आणि सगळं गाव उघडं पडेल, ही भीती प्रत्येक घरात होती.

मी शेतीच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट केलेली. या व्यवस्थेचा अभ्यास करायला गेलो होतो आणि संस्थेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. ‘डॉक्टर आलेत’ हे ऐकून पहिल्याच आठवड्यात लोक आजारी शेरडं घेऊन दारात. तसला डॉक्टर नाही म्हटल्यावर बंदीचा राखणदार गोरोबा चारचौघांत म्हणाला, “माणसाचा न्हाय, ढोराचा न्हाय. मग कशाचा डाक्टर, गवताचा व्हय?” तेव्हापासून मी गवताचा डॉक्टर.

२

गावाचा एक नियम मला फार आवडला होता. प्रत्येक गाईम्हशीच्या गळ्यात घंटी पाहिजे आणि ती कधीही काढायची नाही. घंट्या घिसाडी जुन्या पत्र्याच्या करून देत, त्यामुळं एकीसारखी दुसरी वाजत नसे. कुणाची कोणती, हे गावातलं पोरही सांगे. गोरोबा बंदीच्या दगडी बांधावर बसून नुसता ऐकायचा. आतून घंटी आली की ज्याची घंटी त्याचा गुन्हा. ढोर डोळ्यांनी बघायची गरज नव्हती. मी एकदा याला हरकत घेतली तेव्हा गोरोबा म्हणाला, “डोळ्याला झाड आड येतंय. कानाला येत न्हाय.” मी हे कौतुकानं माझ्या अहवालात उतरवलं होतं.

सकाळी लोक चरव्या घेऊन संस्थेत येत. दूध मोजलं जाई, कॅनमध्ये ओतलं जाई, टेम्पो ते येरमाळ्याला नेई. मे महिना होता. बंदीतलं गवत कापून संपत आलेलं, ढोरं नुसत्या जुन्या कडब्यावर उभी. त्या दिवसांत दुधाला धुळकट, कोरडा वास येई. एका सकाळी मथुराबाईंच्या चरवीवरचं झाकण उघडलं आणि खोलीत ओल्या, हिरव्या गवताचा वास पसरला. श्रावणात बांधावर बसलं की येतो तसा.

संस्थेचे चेअरमन श्रीपतराव उठून आले, वाकून वास घेतला आणि परत जागेवर जाऊन बसले. मथुराबाई रिकामी चरवी घेऊन खाली मान घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशीही तोच वास.

३

मथुराबाई बौद्धवाड्यातल्या. नवरा गेलेला, एक गाय, ती गावठीच. वाड्यातून संस्थेच्या सभासद झालेल्या त्या पहिल्या. अजून चार घरं अर्ज करायच्या तयारीत होती आणि मथुराबाईंचं कसं चालतं यावर नजर ठेवून होती. त्यांचं नाव कापलं गेलं तर दूध कुणी घेणार नाही, बंदीतलं गवत मिळणार नाही, गाय जगणार नाही. आणि ती चार घरं पुन्हा संस्थेच्या पायरीला पाय लावणार नाहीत. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या आठवड्यात गोरोबानं श्रीपतरावांना वर्दी दिली, की भर दुपारी बंदीत मथुराबाईची घंटी वाजते. तिचा पत्रा फुटलेला होता. आधी एक बोदा, बद्द ठोका पडे आणि त्याच्या मागून खरखर येई, म्हातारं माणूस बोलून झाल्यावर घसा साफ करतं तशी. ती ओळखण्यात चूक होण्यासारखी नव्हती.

मी गोरोबाला गाठून विचारलं, की आत हिरवं आहे का कुठं.

“हिरवं? पाचोळा बी करपलाय.”

“मग दुधाला वास कसला येतो?”

“ते तुमी सांगा. गवताचं डाक्टर तुमी.”

त्याच दिवशी मथुराबाई माझ्या खोलीपाशी आल्या. त्या नेहमी उंबऱ्याबाहेर उभ्या राहत. कितीदा आत या म्हटलं तरी येत नसत. म्हणाल्या, “गाय दाव्यालाच अस्ती, सायेब. सोडत न्हाय म्या. तुमी येऊन बसा दिसभर. तुमचं खरं मानतील.”

४

मी जाऊन बसलो. एका खोलीचं घर, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात एकही झाड नाही, की कशाला टेकावं असा खांब नाही. कुडाच्या आडोशाला तांबडी गाय बांधलेली, कपाळावर पांढरा चांदवा. तिचं नाव चंद्री. दावं मी स्वतः ओढून पाहिलं. गव्हाणीत कडब्याची चार बुडखं होती आणि त्यांना तिनं तोंड लावलेलं नव्हतं.

ऊन चढलं तशी वाड्यातली माणसं आत गेली. मथुराबाई उंबऱ्यात बसून होत्या. चंद्री इतकी स्थिर उभी होती की तिच्या अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरत नव्हती. डोळे अर्धे मिटलेले. फक्त जबडा हलत होता, सावकाश.

मग डोंगराकडून घंटी आली. बोदा ठोका आणि मागून खरखर. थोडं थांबून पुन्हा. चरताना ढोर एक पाऊल पुढं टाकतं, थांबतं, पुन्हा टाकतं, त्या चालीनं.

मी चंद्रीच्या गळ्याकडं पाहिलं. घंटी सरळ लोंबत होती आणि आतला लोलक हलत नव्हता. मी उठून जवळ गेलो, दोन बोटांनी तो लोलक धरला. डोंगरावरून आवाज येतच राहिला.

मथुराबाई डोंगराकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाची असेल.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “तिचीच हाय.”

मला अजूनही हे समजत नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाची म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. मी विचारलं, मग गाय इथं कशी.

“ते मला तरी कुठं कळतंय, सायेब.”

कलत्या उन्हात घंटी थांबली. चंद्रीनं डोळे उघडले, मान झटकली आणि तिच्या जबड्याच्या कोपऱ्यातून फेस गळला. मी तो बोटावर घेतला. हिरवा होता. बोट मी पुष्कळ वेळ पुसत राहिलो.

५

संस्थेच्या समितीपुढं मी सांगितलं, की गाय दिवसभर दाव्याला होती, माझ्यासमोर. फेसाचं बोललो नाही, कारण ते कोणत्या वाक्यात बसवावं हे सुचलं नाही. श्रीपतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “डॉक्टर, तुमच्यावर अविश्वास न्हाय. पण गोरोबानं ऐकलंय, अर्ध्या गावानं ऐकलंय. एकदा कानाचं खोटं ठरवलं तर उद्या बंदी कशावर राखायची?”

मग तोडगा निघाला. तो त्यांनी सुचवला की मी, हे खरंच आठवत नाही. चंद्रीची घंटी काढायची आणि संस्थेच्या कपाटात ठेवायची. कपाटात असतानाही बंदीत आवाज आला तर घंटी दुसऱ्याची, मथुराबाई निर्दोष. आवाज बंद झाला तर तिचीच गाय आत जाते आणि तिचं नाव कापायचं. चाचणी म्हणून यात मला चूक दिसली नाही.

मथुराबाई दारात उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलल्या.

“नाव कापायचं तर कापा. पर घंटी काढू नका.”

का, असं श्रीपतरावांनी विचारलं.

“बहात्तरला ढोरं रानात सोडली तवा समद्यांनी घंट्या काढून घेतल्या हुत्या. ऐकवंना म्हणून. त्यातलं एक तरी मागं आलं का, मालक? तिला वाट घावायची न्हाय.”

खोलीतली जाणती माणसं जमिनीकडं बघू लागली. घंटी काढायची नाही हा नियम कुठून आला, हे मी तोवर कुणालाच विचारलं नव्हतं.

तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वाड्यात जमले. बंदीत घंटी वाजायला लागेपर्यंत थांबायचं ठरलं होतं. ती वाजली. एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक पाऊल. गोरोबा पुढं झाला आणि दोर कापण्यासाठी त्यानं चंद्रीच्या गळ्यातली घंटी मुठीत धरली. त्या क्षणी डोंगरावरचा आवाज मध्येच तुटला. ठोका पडला, पण मागची खरखर आली नाही. तिथली घंटीही कुणी मुठीत धरावी तसा.

“ऐकलंत न्हवं,” कुणीतरी म्हणालं. श्रीपतरावांनी मान हलवली. उद्या संध्याकाळच्या सभेत नाव कापायचं ठरलं. घंटी मी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

निघताना मी वळून पाहिलं. चंद्रीचा जबडा हलायचा थांबला होता. सकाळी कळलं, की तिनं बसकण मारली आहे आणि पाण्यालाही तोंड लावत नाही.

६

दुसऱ्या दिवशीची दुपार मी कितीही वेळा आठवून पाहिली, तरी त्यात मला फट सापडत नाही.

दीडच्या सुमाराला मी संस्थेच्या खोलीत एकटा होतो. पत्रा तापून मधूनमधून कडकन वाजत होता. रिकाम्या कॅनवर टाकलेलं पोतं सकाळी भिजवलेलं, ते वाळून कडक झालं होतं. दारात सावली पडली म्हणून मान वर केली. मथुराबाई होत्या. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. त्या उंबरा ओलांडून आत आल्या. हे पहिल्यांदाच झालं, आणि मला वाटलं, नाव कापलंच जाणार तर आता कशाची भीड.

“घंटी द्या,” त्या म्हणाल्या.

मी का दिली? सभेआधी ती माझ्या ताब्यात राहायला हवी होती. पण गाय मरायला टेकलेली, आणि मला त्या खोलीत घंटीसोबत बसणं नको झालं होतं. मी कपाट उघडलं. त्यांनी दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं केले. घंटी ठेवताना माझी बोटं त्यांच्या हाताला लागली. हात गार होते, ओढ्यात धुणं धुऊन आल्यासारखे. गावात त्या दिवसांत टँकर आल्याशिवाय हंड्यात पाणी नव्हतं. गाईच्या कपाळावर ओलं फडकं धरून बसल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या बाहेर पडल्या आणि घराकडं न वळता डोंगराकडं चालू लागल्या. मी मागं गेलो. हाक मारावी असं वाटलं, मारली नाही. दगडी बांधावर गोरोबाची जागा रिकामी होती, जेवायला गेला असावा. बांधात एक खिंडार होतं, तिथून त्या आत शिरल्या आणि हातानं घंटी वाजवू लागल्या. बोदा ठोका, खरखर.

मी बांधापाशी थांबलो. आत कंबरभर वाळलेलं गवत, न कापलेला तुकडा. त्यातून माणूस गेलं की सळसळ होते. ती मला ऐकू आली नाही. फक्त घंटी, लांब लांब जाणारी. उताराच्या वळणाला हिवराची दोन झाडं आहेत. त्यांच्यापलीकडं त्या दिसेनाशा झाल्या.

आणि त्याच फटीत मला हिरवं दिसलं. उन्हात डोळे दिपले की रंग उलटे दिसतात, हे मला माहीत आहे. मी डोळे मिटले, उघडले. झाडांमधल्या त्या अरुंद पट्टीत गवत ओलं, गडद हिरवं होतं आणि त्यात पाठी होत्या. तांबड्या, काळ्या, कबऱ्या. किती, ते सांगता येणार नाही. सगळ्या पलीकडं तोंड करून, मान खाली घालून. एवढी ढोरं चरत असताना कुठलाच आवाज नव्हता. त्यांतल्या एकीनं मान वर करून मागं पाहिलं. कपाळावर चांदवा होता. बाकीच्या मानाही हळूहळू वर यायला लागल्या.

त्यांची तोंडं दिसायच्या आत मी वळलो. पळालो असं म्हणणं जास्त खरं होईल.

७

संध्याकाळी धीर करून वाड्यात गेलो. चंद्री उभी होती. गळा मोकळा, जबडा चालू. मथुराबाई तिच्यापाशी बसून उजवा खांदा दाबत होत्या. त्या डोंगरातून कधी, कुठल्या वाटेनं परतल्या, हा प्रश्न मी पुढं नेला नाही. डोंगराला दुसरी पायवाट असेल. खांदा घंटी हलवून भरून आला असेल. येरमाळ्याहून जनावरांचे कंपाउंडर शांतलिंग येऊन सलाईन लावून गेल्याचं कळलं. गाय त्यानं उठली, हेही पटण्यासारखं होतं. मथुराबाई डोंगरात असताना शेजारची कुणी बाई तिथं थांबली असेल.

सभा भरायच्या वेळेला श्रीपतराव आणि गोरोबा गाय बघायला वाड्यातच आले. चंद्री सगळ्यांच्या समोर उभी होती. आणि बंदीत घंटी वाजायला लागली.

श्रीपतराव गाईच्या मोकळ्या गळ्याकडं बघत होते. ठरल्याप्रमाणं निकाल स्पष्ट होता. ते म्हणाले, “मथुराबाई, नाव ऱ्हाईल तुमचं.” मग माझ्याकडं वळून विचारलं, घंटी कपाटात आहे ना.

मी म्हणालो, दुपारी मथुराबाई घेऊन गेल्या.

मथुराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. “म्या कुठं आले, सायेब? म्या गाईपाशीच हुते.”

मला एकदम उलगडा झाला, किंवा तसं वाटलं. ही बाई हुशार होती. घंटी घेऊन बंदीत गेली आणि वाऱ्यावर वाजेल अशी फांदीला बांधून आली. मी गप्प बसलो. श्रीपतरावही बसले, दिलेला शब्द त्यांनी फिरवला नाही. त्यांनाही तेच वाटलं असणार. गोरोबानं पुढं कितीतरी दिवस झाड न् झाड धुंडाळलं, घंटी सापडली नाही. पण दुधाला कडब्याचा वास येऊ लागला, चार घरांचे अर्ज आले आणि जूनमध्ये पाऊस लागल्यावर मी गाव सोडलं.

हे स्पष्टीकरण मला फार वर्षं पुरलं. हिरवं दिसलं ते उन्हानं. पाठी दिसल्या त्या हरणांच्या. वारा मात्र त्या संध्याकाळी होता की नव्हता, हे आठवत नाही.

८

मथुराबाई वारल्याचं मला उशिरा कळलं. नंतर एका लग्नाच्या निमित्तानं मी कळंबला गेलो. तिथं शांतलिंग निवृत्त होऊन राहत होते. त्यांचा त्या गावाशी, संस्थेशी काहीच संबंध नव्हता, म्हणून मुद्दाम भेटलो. वय झालेलं असलं तरी डोकं माझ्यापेक्षा साफ होतं. गाय त्यांना आठवत होती, चांदवाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की सलाईनची बाटली कुणी धरली होती.

“ती बाईच की,” ते म्हणाले. “दुसरी कोण धरणार? अंगणात टांगायला जागा न्हाई. मी दुपारी बारा-साडेबाराला पोचलो, ऊन कललं तेव्हा निघालो. शीर सापडंना, थेंब थेंब सोडावं लागलं. मी म्हटलं, बाई, हात दुखला तर सांगा, मी धरतो. न्हाई म्हणाल्या.”

मी विचारलं, मध्ये त्या कुठं गेल्या होत्या का.

“कुठं जाणार? बाटली खाली केली तर रक्त उलटं चढतंय, सांगितलं होतं त्यांना. ती संपेपर्यंत त्यांनी हात खाली केला न्हाई.”